रेडिएटर गळतोय: दुरुस्त करावा की नवा बसवावा?

परभणीकर_मास्तर · शनिवार, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे अकरा वर्षे जुनी डिझेलची छोटी गाडी आहे. ती आजवर १,३८,००० किलोमीटर चालली असून तिने मला रस्त्यात कधी उभे केले नव्हते. गेल्या पंधरवड्यापासून मात्र कूलंटच्या बाटलीतील पातळी दर दोन-तीन दिवसांनी खालच्या खुणेच्याही खाली जाते आणि सकाळी गाडी बाहेर काढली की फरशीवर तळहाताएवढा हिरवट डाग दिसतो. डागाला बोट लावून पाहिले तर ते किंचित बुळबुळीत लागते आणि त्याला गुळचट वास येतो, त्यामुळे हे एसीतून ठिबकणारे पाणी नाही एवढे माझ्याही लक्षात आले.

मागच्या रविवारी आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेले होते. परत येताना जालना सोडून मंठ्याच्या दिशेने निघालो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि उन्हाचा पारा त्रेचाळीसच्या पुढे असावा. मंठा यायच्या आधीच तापमानाचा काटा अर्ध्यावरून वर सरकू लागला. कोणीतरी पूर्वी सांगितलेले आठवले म्हणून एसी बंद केला, हीटर पूर्ण उघडला आणि काचा खाली केल्या. काटा खरोखरच थोडा उतरला, पण आई म्हणाली, "अरे, बाहेरची झळ कमी होती का, म्हणून आतही लावलीस?" पुढे एका लिंबाखाली गाडी तासभर उभी केली आणि थंड झाल्यावर पिण्याच्या बाटलीतले पाणी टाकून कसेबसे घर गाठले.

आता दोन ठिकाणी दाखवून झाले आहे. गावातील रेडिएटरचे काम करणाऱ्यांनी गाडीखाली वाकून पाहिले आणि "खालून येतंय, काढून चिकटवून देतो, सातशे रुपये होतील," असे सांगितले. अधिकृत सेवा केंद्रात रेडिएटर न काढताच तो बदलावा लागेल असे सांगून कूलंट आणि मजुरीसह ९,४०० रुपयांचा अंदाज हातात दिला. गाडी मला अजून तीन वर्षे तरी वापरायची आहे आणि आईला दर तीन आठवड्यांनी त्याच रस्त्याने न्यायचे आहे. जाणकारांनी सल्ला द्यावा.

हुरडा_पार्टी · शनिवार, रात्री १०.१५

मास्तर, नव्याच्या मागे लागू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या ट्रॅक्टरचा रेडिएटर एकवीस वर्षांचा आहे आणि तो आजवर तीन वेळा झाळून घेतला आहे. शेवटचे काम उदगीरला माझ्यासमोरच झाले, म्हणून ते कसे करतात हे सांगतो. कारागिराने वरचे आणि खालचे तोंड रबरी बुचांनी बंद केले, एका बुचातून हवेची नळी आत घातली आणि अख्खा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. डावीकडून तिसऱ्या नळीच्या मुळाशी, जिथे ती वरच्या पितळी टाकीत शिरते, तिथून मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक निघू लागले. तेवढी जागा त्याने तारेच्या ब्रशने घासून लखलखीत केली, जस्ताचे तुकडे टाकून मारलेले ॲसिड लावले, बत्तीची ज्योत धरली आणि कथील-शिशाची कांडी टेकवली. चांदीसारखा थेंब पसरत जाऊन सांध्यात शिरला. भांड्यांना कल्हई करताना नवसागराचा जसा धूर निघतो तसाच धूर आणि तसाच वास होता. पुन्हा बुडवून पाहिले तर एकही बुडबुडा नाही. सहाशे रुपये घेतले आणि त्यानंतर उसाचे दोन हंगाम पार पडले.

सातशे रुपयांत काम होत असेल, तर साडेनऊ हजार कशासाठी घालवायचे?

वाळूजचा_फिटर · शनिवार, रात्री ११.०५

हुरडा_पार्टी यांनी जे वर्णन केले आहे ते अगदी बरोबर आहे, पण ते तांबे-पितळेच्या रेडिएटरला लागू पडते आणि मास्तरांच्या गाडीचा रेडिएटर तसा असण्याची शक्यता जवळपास नाही. मी तीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली पहिली काही वर्षे अशा झाळकामातच गेली, त्यामुळे त्या कामाबद्दल मला प्रेमच आहे. तरीही अकरा वर्षांपूर्वीच्या छोट्या गाडीत ॲल्युमिनियमचा गाभा, म्हणजे मधला नळ्यांचा भाग, आणि दोन्ही बाजूंना काळ्या प्लास्टिकच्या टाक्या असतात. बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिलेत तर टाकीच्या कडेने ॲल्युमिनियमच्या पट्टीचे बारीक दात ओळीने आतल्या बाजूला दुमडलेले दिसतील. टाकी आणि गाभा यांच्यामध्ये रबराची एक गोल दोरी असते आणि ते दात टाकीला त्या रबरावर दाबून धरतात. तिथे कुठेही झाळ नसते.

ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा पापुद्रा येतो आणि त्यावर साधे कथील धरत नाही. कारखान्यात हा गाभा भट्टीत सुमारे सहाशे अंशांवर एकसंध ब्रेझ केलेला, म्हणजे तापवून जोडलेला असतो, तर ॲल्युमिनियम स्वतःच ६६० अंशांना वितळते. म्हणजे हातातल्या ज्योतीने ते काम करायला गेले तर सांधा जुळण्याआधी नळी ढासळण्याची भीती जास्त. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. अर्गन वेल्डिंगने कुशल कारागीर एखादी जाड जागा भरू शकतो, पण नळीवर मात्र बहुतेक वेळा भोक मोठेच होते. म्हणून गावातील कारागीर "झाळून देतो" न म्हणता "चिकटवून देतो" म्हणाले, हे लक्षात घ्या. ते एपॉक्सी लावणार आहेत. प्लास्टिक तापून फुगते, थंड होऊन आकसते आणि प्रत्येक फेरीत एपॉक्सीची कड थोडी थोडी सुटत जाते. असे काम कधी सहा महिने टिकते, कधी पहिल्या घाटातच उघडते.

पण या सगळ्याच्या आधीचा एक मुद्दा आहे. तुम्ही गाडी दाखवलेल्या दोघांपैकी एकानेही गळती नेमकी कुठून आहे हे तपासलेले नाही. पाणी उताराला धावते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे फेकले जाते, त्यामुळे खालची कड ओली दिसली म्हणजे गळती खालीच आहे असे होत नाही. वरच्या होजची क्लिप सैल असेल, खालच्या नळाचे रबर कडक झाले असेल, झाकणाचा वायसर गेला असेल, तरी थेंब खालच्याच कोपऱ्यातून पडेल. वॉटर पंपाच्या सीलखाली मुद्दाम ठेवलेले एक बारीक छिद्र असते. सील संपले की तिथून पाणी येते आणि माणसे रेडिएटर बदलून बसतात. केबिनमध्ये डाव्या सीटपुढची गालिचाची पट्टी ओली लागत असेल तर ती हीटरच्या छोट्या रेडिएटरची गळती असू शकते.

कूलिंग सिस्टीमला दाब देणारा हातपंप बहुतेक चांगल्या गॅरेजमध्ये असतो. गाडी पूर्ण थंड असताना झाकणाच्या जागी तो बसवायचा, झाकणावर जेवढा आकडा लिहिलेला असेल तेवढाच, म्हणजे बहुधा ०.९ ते १.१ बार दाब द्यायचा, आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहत बसायचे. दाब उतरला की बॅटरी घेऊन थेंब शोधायचा. हे केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. जाता जाता ऑइलची डिपस्टिक ओढून पाहा आणि ऑइलच्या झाकणाची आतली बाजूही पाहा; दुधाळ साय दिसली तर विषय रेडिएटरचा राहत नाही, हेड गॅसकेटकडे, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलकडे जातो.

कन्नड_घाट · रविवार, सकाळी ६.५०

आम्ही ट्रकवाले. कन्नडच्या औट्रम घाटात चढाला गाडी तापली की काय काय करतात ते सगळे पाहिले आहे आणि बरेचसे केलेही आहे. रेडिएटर झिरपत असेल तर मूठभर हळद टाकायची हा जुना इलाज आहे. तो थोतांड नाही. हळदीचे कण फुगतात, बारीक चिरेत जाऊन बसतात आणि गाडी चाळीसगावपर्यंत उतरते. मास्तरांनी रस्त्यात अडकल्यास करायला हरकत नाही.

मात्र एक सांगतो. माझ्या जुन्या गाडीवरच्या क्लीनरने घाईघाईत गरम रेडिएटरचे झाकण फडक्याने फिरवले आणि वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. पाणी कमी झाले आहे असे वाटले की माणसाला पहिल्यांदा झाकणच उघडावेसे वाटते. वरचा होज हाताने दाबून बघावा. तो टणक लागतो तोवर झाकणाला हात लावायचा नाही.

वाळूजचा_फिटर · रविवार, सकाळी ८.१०

कन्नडकर दादा, हळदीबद्दल तुमच्याशी सहमत आहे, पण तांब्याच्या जुन्या रेडिएटरपुरता. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळीत आतली वाट जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते आणि हळदीला किंवा बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक पावडरीला चीर कोणती आणि वाट कोणती हे कळत नाही. मी उघडलेल्या काही रेडिएटरांत तळाला पिवळा चिखल बसलेला होता. हीटरचा छोटा रेडिएटर तर सर्वांत आधी बुजतो. कोणी अशी पावडर टाकलीच असेल, तर नवा रेडिएटर बसवण्यापूर्वी इंजिनातील सगळी वाट दोन-तीनदा धुऊन काढावी लागते, नाहीतर तोच गाळ नव्यात जाऊन बसतो.

मांजराकाठ · रविवार, सकाळी ११.३०

मी पॉलिटेक्निकमध्ये उष्णतेचा विषय शिकवते, म्हणून मास्तरांनी सांगितलेल्या त्या दुपारचा थोडा हिशोब मांडते. गळती लहान असूनही काटा का चढला, हे त्यावरून कळेल.

झाकण हा रेडिएटरचा निव्वळ बूच नसतो, तो दाब धरून ठेवतो. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते. परभणी-लातूर चार-सहाशे मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे त्याहून एक-दोन अंश आधीच. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर हा उत्कलनबिंदू सुमारे १०७ अंश होतो आणि त्यावर एक बारच्या आसपास दाब असेल तर तो १२८-१३० पर्यंत जातो. गळती म्हणजे हा दाबच निघून जाणे. पाणी अजून पुरेसे शिल्लक असते, पण इंजिनाच्या डोक्याभोवती जिथे सर्वांत जास्त उष्णता असते तिथे वाफेचे बुडबुडे होऊ लागतात आणि वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी उचलत नाही. मास्तरांनी वाटेत पिण्याचे पाणी टाकल्याने मिश्रण पातळ झाले, म्हणजे उरलेसुरले संरक्षणही कमी झाले. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, पण ते पाणी आता तसेच ठेवू नये.

दुसरा हिशोब हवेचा. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे आतल्या पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. आत ९५ अंश आणि बाहेर जानेवारीतले २८ धरले तर फरक ६७ अंशांचा. बाहेर मे महिन्यातले ४३ धरले तर तो ५२ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि काम मात्र बावीस टक्के कमी. हिवाळ्यात अर्धवट बुजलेला रेडिएटर चालून जातो आणि उन्हाळ्यात तोच उघडा पडतो तो यामुळे. म्हणून निर्णय घेताना गळती थांबेल का एवढेच न विचारता गळती थांबल्यावर उरलेला रेडिएटर मे महिन्यात पुरेल का, हेही विचारावे.

आमच्या घरच्या गाडीचा अनुभव सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. त्या दिवसांत घरात येणारे टँकरचे पाणी खोल बोअरचे होते, हंड्याच्या आत आठवड्याभरात पांढरे कवच धरायचे, आणि वडील तेच गाडीत टाकत असत. पुढच्या वर्षी रेडिएटर काढला तेव्हा एक थेंबही गळत नव्हता, तरी गाडी तापत होती. नळ्यांच्या तोंडाशी चुन्याचे थर होते. हा थर उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या शंभराव्या भागाइतकाच असतो, म्हणजे पातेल्याला आतून खापर बसवल्यासारखे झाले. आपल्या बेसाल्टच्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड पाणीच वापरावे.

बालाघाट · रविवार, दुपारी १२.०५

एक शंका. कूलंट हे बर्फाळ प्रदेशांसाठी असते असे ऐकले आहे. बीड-धाराशिवकडे पाणी गोठण्याचा प्रश्नच येत नाही, मग कूलंटवर पैसे कशाला?

मांजराकाठ · रविवार, दुपारी १२.४०

गोठण्यापुरते म्हणाल तर आपल्याला त्याची गरज नाही, आणि खरे तर निव्वळ पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. पण कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्ये असतात. ती नसतील तर ॲल्युमिनियम, लोखंड आणि पितळ एकाच पाण्यात एकमेकांना खाऊ लागतात. उत्कलनबिंदूचे वर लिहिलेच आहे. ही द्रव्ये संपतात, म्हणून मुदतीनंतर रंग चांगला दिसत असला तरी ते बदलायचे असते. रंगावर विसंबून दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. हिरवे, गुलाबी, नारिंगी हे उत्पादकाच्या मर्जीचे रंग आहेत, बाटलीवरचा प्रकार वाचावा.

परभणीकर_मास्तर · मंगळवार, रात्री ८.२०

सर्वांचे मनापासून आभार. फिटर साहेबांच्या सांगण्याप्रमाणे दाब देणारा पंप असलेले गॅरेज शोधले. तिसऱ्या ठिकाणी तो मिळाला. झाकणावर १.१ लिहिले होते, म्हणून तेवढा दाब दिला. दहा मिनिटांत काटा ०.७ वर आला.

थेंब शोधायला मला स्वतःला बॅटरी धरून वाकू दिले. खालची कड ओली होती, पण ती कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की पाणी वरून येत आहे. प्लास्टिकच्या टाकीला जिथे वरचा होज बसतो, त्या नळकांड्याच्या मुळाशी केसासारखी चीर होती. नुसत्या डोळ्यांना ती दिसलीच नसती. पाण्याचा एक मणी तिथे हळूहळू फुगायचा, टाकीच्या काळ्या अंगावरून ओघळायचा आणि दुमडलेल्या दातांच्या ओळीत नाहीसा व्हायचा, आणि मग बऱ्याच वेळाने तो खालच्या कोपऱ्यातून पडायचा. चिरेच्या आजूबाजूचे प्लास्टिक राखाडी पडले होते. ऑइल स्वच्छ आहे, पंप कोरडा आहे, झाकण मात्र वेगळे तपासले तर ०.६ लाच दाब सोडत होते.

आता नवा प्रश्न असा आहे की चीर टाकीला आहे, गाभ्याला नाही. मग फक्त टाकी बदलता येते का? गॅरेजवाले म्हणतात की येते.

वाळूजचा_फिटर · मंगळवार, रात्री ९.३०

शाबास मास्तर. झाकण तपासून घेतलेत हे सर्वांत चांगले केलेत. ते दोनशे-सव्वादोनशे रुपयांचे असते आणि निम्म्या वेळा त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

टाकी बदलता येते. दात एकेक करून पक्कडीने उलटे सरळ करायचे, टाकी काढायची, नवे रबर, नवी टाकी आणि पुन्हा दात दुमडायचे. काही गाड्यांच्या टाक्या सुट्या मिळतात, काहींच्या मिळत नाहीत. गाभा तरुण असेल, म्हणजे तीन-चार वर्षांच्या गाडीला दगड लागून टाकी फुटली असेल, तर मी हेच करायला सांगितले असते. पण दात एकदा दुमडलेले असतात, सरळ करून पुन्हा दुमडताना त्यातले काही मोडतात, आणि अकरा वर्षांच्या पट्टीत ते जास्तच मोडतात. शिवाय काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनची एक टाकी उष्णतेने राखाडी होऊन चिरली असेल, तर समोरची टाकीही त्याच वयाची आहे आणि तिनेही तेवढेच ऊन-पाणी सोसले आहे.

तरी टाकीवर निर्णय सोडू नका, गाभ्यावर सोडा. रेडिएटर काढला की इंजिनाच्या बाजूने खालच्या तिसऱ्या भागातील पंखांवर, म्हणजे त्या लाटांसारख्या पातळ पत्र्यांवर, अंगठा हलकेच फिरवा. ते ताठ असतील तर टाकीचा विचार करा. अंगठ्याखाली भुगा झाला तर तो गाभा संपला आहे. नळी गळत नसली तरी उष्णता टाकायला तिला पंख उरलेले नाहीत. मांजराकाठ ताईंनी मांडलेला बावीस टक्क्यांचा हिशोब तिथे तुम्हाला गाठेल.

हुरडा_पार्टी · मंगळवार, रात्री १०.००

प्लास्टिकच्या टाकीचे मला माहीत नव्हते, त्यामुळे माझा पहिला सल्ला मास्तरांच्या गाडीपुरता मागे घेतो. मात्र त्या निमित्ताने माझा एक प्रश्न आहे. माझ्या ट्रॅक्टरसाठीही एका दुकानदाराने "तांब्याचा काढून टाका, ॲल्युमिनियमचा स्वस्तात बसवून देतो, जुना मला द्या" असा आग्रह धरला आहे. मळणीच्या दिवसांत तो तापतो हे खरे आहे.

वाळूजचा_फिटर · मंगळवार, रात्री १०.२५

अजिबात देऊ नका. "जुना मला द्या" यातच सगळे आले. तांबे-पितळ भंगारात किलोवर जाते आणि तुमचा रेडिएटर चांगला वजनदार असणार. मळणीत तापतो याचे कारण बहुधा रेडिएटरच्या बाहेर आहे. पंखा भुसा ओढतो आणि तो जाळीवर आणि पंखांमध्ये नमद्यासारखा बसतो. पुढून पाणी मारू नका, त्याने भुसा आणखी आत रुततो. पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे हवा येते त्याच्या उलट, कमी दाबाने हवा किंवा पाणी मारा. ब्रशने घासलात तर पंख वाकतील. तरीही तापला तर वरची टाकी झाळ काढून उघडायची आणि नळ्यांतून चपटी सळई फिरवून चुना काढायचा. हे काम तांब्यालाच करता येते. नळ्याच संपल्या असतील तर पितळी टाक्या ठेवून मधला गाभा नवा बसवून मिळतो. गळणारी एखादी नळी दोन्ही तोंडांना झाळून कायमची बंद केली तरी चालते, पण एक-दोनच. पाच-सहा बंद केल्या तर तेवढा रेडिएटर कमी झाला असे समजा.

परभणीकर_मास्तर · गुरुवार, सायंकाळी ७.१०

आज रेडिएटर काढला. अंगठा फिरवला. खालच्या भागातील पंख करपलेल्या पापडासारखे चुरले आणि फरशीवर करड्या रंगाची चिमूटभर पूड पडली. वरचा भाग मात्र शाबूत होता. गॅरेजमधल्या मुलाने सांगितले की पावसाळ्यातला चिखल खालीच साचतो आणि तो ओला राहतो, म्हणून खालूनच खातो. टाकीचा विचार तिथेच सोडून दिला. आता बाजारात दोन रेडिएटर मिळत आहेत, एक ४,३०० चा आणि एक २,६०० चा. दोन्हींवर माझ्याच गाडीचे नाव आहे. फरक काय पाहावा?

वाळूजचा_फिटर · गुरुवार, सायंकाळी ७.४५

जुन्याच्या गाभ्याची जाडी पट्टीने मोजा आणि दोन्ही नव्यांची मोजा. स्वस्त मालात बरेचदा तीच कमी असते. जुना सव्वीस मिलिमीटरचा आणि नवा सोळाचा निघाला, तर तो दुकानात ठेवूनच या. नळ्या मोजा, पंखांची दाटी डोळ्यांनी ताडून पाहा, पंख्याचा सांगाडा ज्या कानांवर बसतो ते कान जुन्याशी जुळवून बघा. होज दोन्ही बदला, क्लिपा नव्या घाला. पुढे एसीचा कंडेन्सर आहे; त्याच्या नळ्या न खोलता तो बाजूला टेकवून रेडिएटर काढता-बसवता येतो, त्यामुळे "गॅस पुन्हा भरावा लागेल" असे कोणी म्हणाले तर कारण विचारा.

भरताना घाई करू नका. हीटर गरमवर ठेवून हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत थांबा, इंजिन चालू ठेवून पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. पंखा लागलाच नाही तर तिथेच थांबा. नव्या रेडिएटरला दोष देण्याआधी पंख्याची वायर आणि रिले पाहावी लागेल.

कन्नड_घाट · गुरुवार, रात्री ९.००

आणि पहिल्या लांबच्या फेरीला पाच लिटर पाण्याचा कॅन डिकीत ठेवावा. लागणार नाही, पण असावा.

परभणीकर_मास्तर · पुढचा सोमवार, रात्री ९.१५

काम शुक्रवारी झाले. पट्टी लावली तेव्हा जुना सव्वीसचा, ४,३०० चा सव्वीसचा आणि २,६०० चा अठराचा भरला, त्यामुळे निवड करायला वेळ लागला नाही. रेडिएटर ४,३००, झाकण २२०, दोन होज आणि क्लिपा ७८०, तीन लिटर घट्ट कूलंट ९००, डिस्टिल्ड पाण्याचा कॅन ११० आणि मजुरी १,०००, असे एकूण ७,३१० रुपये झाले. सेवा केंद्राच्या अंदाजात होज आणि झाकण धरलेले नव्हते, ही गोष्ट मी नंतर कागद पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आली. जुना रेडिएटर मागून घेतला आणि घरी आणला आहे. टाकीवरची चीर आमच्या नववीच्या मुलांना दाखवायची आहे, कारण दाब आणि उत्कलनबिंदू हा धडा मी पंधरा वर्षे फळ्यावरच शिकवत आलो.

शनिवारी सकाळी पाहिले तर बाटलीतील पातळी बोटभर उतरली होती आणि माझ्या पोटात गोळा आला. गॅरेजला फोन केला, तर राहिलेली हवा निघाल्यावर एवढे होतेच, खुणेपर्यंत भरा आणि उद्या पुन्हा पाहा, असे सांगितले. भरून बाटलीवर मार्करने रेघ ओढली. काल आईला घेऊन जालन्यापर्यंत जाऊन आलो, परतीला दुपारचे अडीच वाजले होते, एसी चालू होता, काटा अर्ध्याच्या किंचित खाली राहिला. कॅन डिकीत तसाच होता. आज सकाळी गाडी थंड असताना पाहिले. कूलंट रेघेवर होते आणि गाडीखाली रात्री पसरून ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा होता.